सुतकातला नगारा

सुनंदाबाईंच्या बालवर्गात बदकाचं बादाक होत असे आणि फणसाचा फाणास. मुलं वाईट नव्हती हो. पण ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या त्या दोन खोल्यांच्या मराठी शाळेत सगळी मिळून एका सुरात म्हणत, आणि एका सुरात म्हणायला लागलं की माणूस आपोआप लांबवतो. आरतीला उभं राहून पाहा. अ म्हणता म्हणता त्याचा आ होई, इ म्हणता म्हणता ती ई होई, आणि बाई खडू धरून नुसत्या उभ्या. “तोडा रे, आवाज तोडा,” असं त्या सांगत. मुलं हौसेने “तोऽडाऽ” म्हणत.

घरी नेमकं उलटं होतं. घरी आवाजच नव्हता.

सुनंदाचे वडील उमाजीबाबा सरदार जगदेवरावांच्या देवडीवर नौबत वाजवत. त्यांचे पूर्वज फौजेबरोबर दक्षिणेतून नगारे घेऊन आले होते. फौज ग्वाल्हेरीत राहिली तसे नगारेही राहिले. पहाटे कारभारी नगारखान्याखाली येऊन म्हणे, “नौबत होऊ द्या.” बाबा मान झुकवून “जी सरकार” म्हणत आणि मगच टिपरी उचलत. हुकमाशिवाय वाजवायचं नाही, ही घराण्याची रीत. सुनंदाची आई तिला आठवतही नव्हती इतक्या लवकर गेलेली. त्यामुळे तिचं बालपण त्या आवाजानेच जोजवलं म्हणायचं. थंडीत सगळं शहर धुक्यात बुडालेलं असे, किल्ला कुठेतरी वर तरंगत असे, आणि गोधडीतल्या पोरीला कळत नसे की नौबत बाहेर वाजते आहे की स्वप्नात. कळून घ्यायची तिला घाईही नसे.

मग संस्थान गेलं, मध्यभारत राज्य झालं, पाठोपाठ जहागिरीही गेल्या. जगदेवरावांनी घोडे काढले, माणसं काढली, आणि एके पहाटे कारभारी आलाच नाही. बाबा टिपऱ्या मांडीवर घेऊन ऊन वर येईपर्यंत बसून राहिले. मग घराण्याचा स्वतःचा होता तेवढा लहान नगारा काखेत मारून घरी आले. मालकाच्या घरात कुणी वारलं की नगारा पालथा घालून त्यावर पांढरं कापड टाकायचं आणि तेरावा झाला की वाजवणाऱ्यानेच तो सरळ करायचा, असा रिवाज होता. बाबांनी कोपऱ्यात नगारा पालथा घातला, वर कापड टाकलं. माणूस कुणी गेलं नव्हतं. त्यामुळे तेरावाही कधी आला नाही.

वर्षं गेली तशी बाबांचं बोलणं आटत गेलं. “सुनंदा, पाणी दे.” “सुनंदा, दार लाव.” दिवसभरात तिला तिच्या नावाने हाक मारणारं तेवढं एकच माणूस होतं, शाळेत ती बाई होती आणि गल्लीत मास्तरीण. त्या दोन-चार हाकांवर तिचा दिवस निघत असे.

एका पहाटे ती अर्धवट जागी होती. बाबा पलीकडे झोपले होते आणि त्यांची बोटं पांघरुणावर चालत होती. एक थाप पडे आणि तळहात लगेच तिच्यावर बसे, आवाज जागच्या जागी मिटे. दुसरी थाप पडे आणि हात दूरच राही. सुनंदा डोळे मिटून ऐकत राहिली. अ, आ. इ, ई. तिला वाटलं आपण स्वप्नातच वर्ग घेतो आहोत. उठली ती मात्र पक्कं ठरवून.

विचारलं असतं तर बाबा नाही म्हणाले असते, म्हणून तिने विचारलंच नाही. आपण सगळे असंच करतो आणि वर त्याला माया म्हणतो. बाबा देवळात गेलेले पाहून तिने कापड काढलं, नगारा सरळ केला आणि शाळेत नेला.

“बाई, ये तो ढोल है!” मुलं नाचायला लागली. तिने एका हाताने टिपरी मारली, दुसरा हात चामड्यावर ठेवला. “अ!” त्या दिवशी फणस पहिल्यांदा जवळजवळ फणस झाला.

संध्याकाळी बाबा रिकाम्या कोपऱ्यासमोर उभे होते. हातात ते पांढरं कापड.

“कोणाला विचारून सुतक फेडलंस?”

“बाबा, मुलांसाठी...”

“तो आता माझा नाही. ने तुला जिकडे न्यायचा तिकडे.”

एवढं बोलून त्यांनी तोंडाला कुलूप घातलं. पाणी स्वतः घेऊ लागले, दार स्वतः लावू लागले. तिने वाढलेलं ताट ती शाळेत गेल्यावर जेवत. हाक बंद झाली. सुनंदा चुलीपाशी बसून रडे आणि धुरावर ढकलून देई, पण पाहायला होतं कोण? आता घरात आपलं नाव पुन्हा कुणी घेईल की नाही, याच धास्तीत ती दिवस काढत होती.

नगारा शाळेतच राहिला. पण तिचा हात काही बाबांचा नव्हे. थाप पडे, तळहात मागून पोहोचे, आणि मधल्या फटीतून आवाज निसटे. बदक पुन्हा लांब व्हायला लागलं.

पौषातली एक सकाळ होती. धुकं खिडकीतून आत आलं होतं, पोरं रजया पांघरून बसल्यासारखी अंधूक दिसत होती. सुनंदाबाई थाप मारत होत्या, मुलं “बाऽदाऽक” म्हणत होती, आणि दारात कुणीतरी उभं होतं. डोक्याला देवडीवरची जुनी पगडी. तिला क्षणभर वाटलं, आपण पुन्हा गोधडीत आहोत.

“हात उशिरा येतो आहे,” बाबा म्हणाले. “रस्त्यावरून ऐकवत नाही.”

ते नगाऱ्यासमोर मांडी घालून बसले. टिपऱ्या हातात घेतल्या. आणि थांबले.

मुलं थांबली, बाई थांबल्या. “बजाओ ना बाबा,” एक मुलगी कुजबुजली. बाबा हलले नाहीत. मान खाली, टिपऱ्या मांडीवर, जसे त्या शेवटच्या पहाटे बसले असतील तसे. तेव्हा सुनंदाला कळलं ते कशाची वाट पाहत आहेत. बापाला हुकूम कसा करायचा? पण त्या खोलीत दुसरं कोण होतं?

“नौबत होऊ द्या,” ती म्हणाली.

बाबांनी तिच्यापुढे मान झुकवली.

“जी सरकार.”

एका टिपरीची थाप पडली आणि दुसरा, मोकळा हात तिच्यावर बसला, फट न ठेवता. पुन्हा थाप, पुन्हा हात. मुलांनी हाताकडे पाहिलं आणि त्यांचे आवाज आपोआप त्याच्याबरोबर मिटत गेले. ब. द. क. मग एक मोकळी थाप, तिच्यावर सगळा वर्ग हवा तेवढा लांब आ करून झुलला, आणि पुन्हा ब, द, क. सुनंदा फळ्याला टेकून ऐकत होती. डोळे पुसायचं भान तिला नव्हतं.

घंटा झाली. मुलं धुक्यात पळाली. बाबांनी खांद्यावरचं पांढरं कापड काढलं, नगाऱ्यावरचा खडू पुसला आणि कापडाची घडी केली.

“सुनंदा,” ते म्हणाले, “उद्या किती वाजता यायचं?”