साडूभाऊंचे दोन खडे

दगडाची नाडी बघणारा माणूस अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात एकच आहे, आणि तो नेमका माझा थोरला साडू निघाला! साडूभाऊ अणदूरचे, भूगर्भशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. शर्टाच्या खिशात डबी, डबीत झिरकॉनचे दोन खडे: एक लख्ख, एक मातकट. समोर माणूस दिसला की डबी उघडलीच. मातकट खड्यात जन्मापासून युरेनियमचे कण अडकलेले. त्यांच्या किरणांचा कोट्यवधी वर्षं आतून मार खाऊन त्याच्या अणूंच्या रांगा पार विस्कटल्या. लख्ख खडा गारगोटीवर ओरखडा काढतो, मातकटावर मात्र गारगोटीच ओरखडा काढते. हे त्यांनी माझ्या लग्नात अक्षता थांबवून भटजींना दाखवलं. खंडोबाच्या जत्रेत गिऱ्हाईकं खोळंबवून नारळवाल्याला दाखवलं. "किरणं लई वाईट, राव! दगडाचीसुदिक घडी मोडतात," हे पालुपद. ऐकणारे पळ काढायचे. एकट्या आक्का, म्हणजे त्यांची बायको आणि माझी थोरली मेहुणी, भाकरी थापता थापता चाळीस वर्षं ऐकत राहिल्या.

तेच अंगाशी आलं. गेल्या साली आक्कांना कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी सोलापूरला किरणांचा शेक घ्यायला सांगितलं. मी गाडी घेऊन दारात हजर, तर आक्का स्वयंपाकघरातनं हलेनात.

"मी न्हाय यायची," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "किरणांनी दगडाचं वाटोळं होतं, तुमीच सांगितलंय. मी तर हाडामासाची."

साडूभाऊंचं तोंड एवढंसं झालं. घाईघाईनं डबी उघडून ते त्यांच्यापुढं खालीच बसले. "अगं, पुढचं सांगायचं राहिलंच की! ह्यो मातकट खडा मऊ पडलाय, व्हय. पण दाब दिला तर लख्ख खड्याला आधी तडा जातो. ह्याच्यात तडा सहज पळत न्हाय, विस्कटलेल्या जागी अडखळतो."

"म्हंजी मी बरी व्हईन?"

प्रत्येक प्रश्नाला तासाभराचं उत्तर देणाऱ्या ह्या माणसानं डबीचं झाकण लावून टाकलं. मला तर रडूच यायला लागलं. अहो, एकदा खोटं बोलला असता तर काय बिघडत होतं?

"ते दगडाचं झालं," ते हळूच म्हणाले. "माणसाचं मला ठाऊक न्हाय. तू नसलीस तर माझं कोण ऐकंल, एवढंच कळतं."

आक्का पदराला हात पुसत उठल्या. "चला. राहिलेलं वाटंत सांगा."

पण सोलापूर येईपर्यंत साडूभाऊंच्या तोंडून शब्द फुटला नाही. मागच्या सीटवर आक्कांचा हात तेवढा धरून बसले होते.