भावाच्या सुटकेसाठी काढलेलं पत्रक

तुमच्या घरातल्या माणसाला उद्या पोलिसांनी धरलं आणि तो निर्दोष आहे याची तुम्हाला पक्की खात्री असली, तर तुम्ही आधी कुठे जाल? चौकात, की वकिलाकडे?

आम्ही चौकात गेलो. माझे वडील, आमचे नायना, जन्मभर यंत्रमागावर राबले आणि कामगारांच्या प्रत्येक लढ्यात पत्रकं लिहीत आले. घरी आम्ही तेलुगू बोलतो, पण मराठी वाचायला मी त्या पत्रकांवरच शिकले. अन्याय झाला की तो छापायचा आणि दारोदार वाटायचा. त्या कागदांनी अडलेला बोनस सुटलेला मी पाहिला आहे, कामावरून काढलेली माणसं परत आत गेलेली पाहिली आहेत. ही ताकद खोटी नव्हती.

माझा मोठा भाऊ टेम्पो चालवतो. चालवत होता. सोलापुरातून टॉवेल-चादरींचे गठ्ठे पुण्याला न्यायचे, हे त्याचं काम. मालाबरोबर ओळखीच्या माणसाचं एखादं बोचकं बिनपावतीचं घेऊन जायचं, ही इथल्या गाडीवाल्यांची जुनी रीत. कुणाच्या बहिणीला ज्वारी, कुणाच्या पोराची सायकल. आत काय आहे असं विचारणं म्हणजे त्या माणसावर अविश्वास दाखवणं. मोहोळच्या अलीकडे पोलिसांनी गाडी उघडली, तेव्हा टॉवेलांच्या गठ्ठ्यांमध्ये तसलंच एक पोतं होतं आणि त्यात गांजा होता. पोतं ज्यानं दिलं त्याचा फोन तेव्हापासून बंद आहे.

शेजारची मावशी म्हणाली, "आधी वकील बघा की."

नायना म्हणाले, "वकील कशाला? वकील लावला की लोक म्हणणार, कायतरी केलं असणार. आपल्याकडं लपवण्यासारखं काय हाय?"

त्यांनी पत्रक लिहिलं. माझा मुलगा निरपराध आहे, एका ओळखीच्या माणसावर विश्वास ठेवून, निव्वळ माणुसकीपोटी त्यानं ते पोतं स्वतःच्या हातानं गाडीत चढवलं, आत काय आहे हे त्या भोळ्याला ठाऊक नव्हतं. आम्ही ते गल्लोगल्ली वाटलं. लोकांनी वाचलं, हळहळले. तपास करणाऱ्या साहेबांनीही वाचलं. ते घरी आले, चहा घेतला आणि अगदी अदबीनं विचारलं, "काका, हे तुम्हीच लिहिलंय ना?"

"व्हय. शब्द न् शब्द माझा हाय."

त्यांनी तसा जबाब लिहून घेतला. नायना दारापर्यंत सोडायला गेले. साहेबांना आपलं म्हणणं पटलं, असंच आम्हाला वाटलं.

पहिल्या मुलाखतीला तुरुंगात जाळीपलीकडून भाऊ हळू आवाजात म्हणाला, "नायना, मी पोत्याला हात नाही लावला. हमालांनी चढवलं. मी पलीकडे टपरीवर होतो."



त्यानंतर आम्ही कोर्टातल्या मोफत वकील देणाऱ्या कार्यालयाची पायरी चढलो. कोठडीतल्या माणसाला फुकट वकील मिळतो, तो त्याचा हक्क आहे, हे इतक्या पत्रकांच्या घरात कुणालाही माहीत नव्हतं. आम्हाला मिळालेल्या वकीलबाईंनी पत्रक दोनदा वाचलं.

"काका, पोतं त्यानं चढवताना तुम्ही पाहिलंत?"

"न्हाय."

"त्यानं तुम्हाला तसं सांगितलं?"

"न्हाय. पोतं ओळखीच्या माणसाचं हाय, एवढंच टेम्पोच्या मालकाकडनं कळलं हुतं."

"मग 'स्वतःच्या हातानं' कुठून आलं?"

"पत्रकाला जोर पायजे की, बाई."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं. चोरीच्या खटल्यात सरकारनं गुन्हा सिद्ध करायचा असतो. इथे, अमली पदार्थांच्या कायद्यात, माल तुमच्या ताब्यात होता एवढं सरकारनं दाखवलं, की तुम्हाला तो माहीत होता असं कोर्ट धरून चालतं. माहीत नव्हता, हे तुम्ही सिद्ध करायचं. माल व्यावसायिक मात्रेत मोडला, म्हणजे गांजा वीस किलोच्या वर भरला, तर शिक्षा कमीत कमी दहा वर्षं. आणि हा माणूस दोषी नसावा असं कोर्टाला सकृद्दर्शनी वाटल्याशिवाय जामीनसुद्धा नाही.

"ताबा नव्हता, हीच आपली बाजू होती," त्या म्हणाल्या. "ती बापानंच छापून खोडली. आता आरोपपत्रात सरकारी साक्षीदार म्हणून तुमचं नाव आहे."

नायना बाकावर बसले. हयातभर ज्या सरकारविरुद्ध बोलले, त्याच्याच बाजूनं, पोटच्या पोराविरुद्ध, त्यांना पिंजऱ्यात उभं राहायचं आहे.

सेशन कोर्टानं जामीन नाकारला. बाईंनी हायकोर्टात अर्ज पाठवायची सोय केली आहे. त्या म्हणतात, उलटतपासात तुमचं म्हणणं ऐकीवसुद्धा नाही, मनचं आहे, एवढं मी काढून घेईन. त्या दिवशी माल भरणारे हमाल शोधत त्या स्वतः माझ्याबरोबर हिंडल्या. एकजण भेटला. म्हणाला, "ताई, चढवलं मीच. पण कोर्टात बोललो तर मलाच आत घेतील." त्याची भीती मला खोटी म्हणता येत नाही. पुन्हा गेलो, तर तो गावी गेला होता. वळसंगला, असं कुणी म्हणालं, तर कुणी वैरागला.

आई दर तारखेला कोर्टात भावासाठी नवा शर्ट घेऊन येते, सुटला तर घालायला. नायना आता काहीच लिहीत नाहीत. जेवताना मध्येच विचारतात, "मी कोर्टात खरं काय ते सांगितलं, तर त्यो सुटंल ना?" मी हो म्हणत नाही. बाईसुद्धा म्हणत नाहीत.

रागानं पेटून मीही एक पत्रक लिहायला घेतलं होतं, या कायद्याविरुद्ध. बाईंनी थांबवलं. खटला चालू आहे, मला दाखवल्याशिवाय त्यातलं अक्षरही छापू नका, म्हणाल्या. म्हणून हे मी कुणाचंही नाव न घेता आणि त्यांना वाचून दाखवून लिहिते आहे.

माझं एकच मागणं आहे. तुमच्या ओळखीच्या कुणाला असं धरून नेलं, तर त्याच्या घरी जा. तिथे कुणीतरी त्याच्या निर्दोषपणाचा मजकूर लिहीत बसलेलं असेल, साहेबांना सगळं खरं सांगून टाकू म्हणत असेल. त्याला हाताला धरून उठवा आणि त्याच दिवशी कोर्टातल्या मोफत वकिलाकडे घेऊन जा.