रोम, बाहेरून

"आतलं नाय विचारायचं. बाहेरचं विचारा." रोमचा विषय निघाला की हात वर करून ते आधी ही अट घालत.

रत्नागिरीकडचे हे गृहस्थ दोहात अल गराफा भागातल्या एका कतारी कुटुंबाकडे ड्रायव्हर होते. आम्ही दोहातले मराठी लोक त्यांना चाचा म्हणायचो. दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. दर उन्हाळ्यात मालक मंडळी रोमला जात, चाचांनाही नेत. मंडळी चर्च बघत आणि चाचा गाडी सांभाळत.

त्यामुळे चाचांचं रोम वेगळंच होतं. शुक्रवारी आमच्या फ्लॅटवर जेवणं झाली की ते सुरू होई. "सेंट पीटर? खांब चिक्कार, पण गाडीला सावली नाय." कोलोसियमला तर त्यांनी प्रदक्षिणाच घातल्या होत्या, कारण तिथे कोणी थांबू देईना. "दोन हजार वर्षांची बिल्डिंग, भाऊ, आणि पार्किंगचा पत्ता नाय." हे ते अशा सुरात सांगत, की रोमन बादशहाने त्यांचाच अपमान केला असावा.

आमच्यातलं एक जोडपं त्यांचा सल्ला घेऊन रोमला जाऊन आलं. कसं होतं विचारल्यावर वहिनी नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, "पार्किंग सुंदर होतं."

तुम्ही हसाल, आम्हीही हसायचो. पण चाचांचा जीव एका जागी अडकला होता. पँथिऑन नावाचं प्राचीन देऊळ, पुढे त्याचं चर्च झालं. त्याच्या घुमटाला मधोमध मोठं भोक आहे, कायमचं उघडं. मालकांच्या मुलांनी हे सांगितल्यापासून चाचांना चैन नव्हतं. "आमच्याकडे एक कौल सरकलं तर घराचं तळं होतं. ह्यांनी भोक ठेवलंच कसं?" एकदा, फक्त एकदा आत जाऊन त्यांना ते बघायचं होतं. पण गाडी कोणाच्या भरवशावर सोडणार?

शेवटच्या उन्हाळ्यात हे म्हाताऱ्या मालकीणबाईंना कळलं. इतकी वर्षं बोलला नाही म्हणून आधी त्या रागावल्या, मग स्वतःच गाडीत बसून राहिल्या. "यल्ला, तू जा. गाडी मी बघते."

पोलीस आला. बाईंनी काच खाली न करता त्याला अरबीत एवढं सुनावलं, की तो निमूट निघून गेला. दुसरा आला, तोही गेला. चाचा मात्र येईनात. शेवटी मुलं आत शोधायला गेली, तर चाचा बाकावर मान टाकून घोरत होते.

दोहात परतल्यावर आम्ही त्यांना घेरलं. "भोक कसं होतं, चाचा?"

"म्हटलं, जरा बसू, मग दमानं वर बघू. तेवढ्यात डोळा लागला."

"अहो, एवढी वर्षं वाट बघून?"

चाचा ओशाळं हसले. "भाऊ, एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच माझी गाडी दुसरं कोणीतरी सांभाळत होतं. झोप नाय येणार?"

त्याच हिवाळ्यात ते कायमचे गावी गेले. विमानतळावर सोडायला मी गेलो होतो. विमानतळाआधीची अल हिलाल वस्ती मागे पडायच्या आत ते मागच्या सीटवर झोपले. सिग्नल हिरवा झाला, मागचे हॉर्न वाजवू लागले, तरी मी गाडी हळूच काढली.