हेड कोचच्या जॅकेटवरची रिकामी जागा

“हेड कोचच्या रांगेत इनिशियल्स लिहू नकोस. ती जागा तूर्तास रिकामी ठेव.”

फियोना हे जाता जाता म्हणाली. एका हातात कॉफी, दुसऱ्या हातात फोन. ती आमची हेड ऑफ स्पोर्ट, म्हणजे युनिव्हर्सिटीतल्या सगळ्या खेळांची प्रमुख. माझ्या स्क्रीनवर किट ऑर्डरचा तक्ता उघडा होता. प्रत्येकाचं नाव, साइज आणि जॅकेटच्या छातीवर छापायची आद्याक्षरं. मागच्या वर्षी हेड कोचच्या रांगेत ‘जीपी, डबल एक्सेल’ असं होतं.

“आणि साइज?” मी विचारलं.

“आहे ते राहू दे,” ती दारातून म्हणाली आणि गेली.

नव्या तक्त्यात जे होतं, ते होतं मीडियम.

मी बराच वेळ त्या मीडियमकडे बघत बसले. आमचे कोच ग्लेन सहा फूट चार इंच आहेत. मीडियम जॅकेट त्यांच्या एका खांद्यालाही पुरलं नसतं. मग हे कुणासाठी?

मी नॉटिंगहॅममधल्या एका युनिव्हर्सिटीत स्पोर्ट मॅनेजमेंट शिकते. सोबत पुरुषांच्या बास्केटबॉल टीमची स्टुडंट असिस्टंट म्हणून काम करते. मी खेळत नाही. हे आधी सांगितलेलं बरं, कारण मिरजेच्या आत्याला अजूनही वाटतं की मी खेळते, आणि ती फोनवर आईला “उंची वाढली का गं तिची?” असं विचारते. मी हॉल बुक करते, मॅचच्या व्हिडिओचे तुकडे पाडते आणि फॉर्म भरते. फॉर्मच जास्त.

मार्चमध्ये सीझन संपतो आणि सप्टेंबरमध्ये नवा सुरू होतो. मधला काळ म्हणजे ऑफ-सीझन. खेळ बंद असतो, म्हणून बोलणं चालू असतं. कोणता कोच जाणार, कोण येणार. अमेरिकेत कॉलेजचा कोच बदलला की टीव्हीवर बातमी होते, असं आमची मुलं सांगतात. आमच्या मॅचला जेमतेम साठ माणसं येतात, त्यात निम्मे आईवडील, आणि पुढच्या बुकिंगचे बॅडमिंटनवाले रॅकेट घेऊन दारात ताटकळत असतात. पण अफवा मात्र आमच्याकडेही पूर्ण मापाच्या असतात.

माझ्यासाठी ही नुसती अफवा नव्हती. मला त्या टीमसोबत प्लेसमेंट हवी होती. प्लेसमेंट म्हणजे दुसऱ्या वर्षानंतर एक वर्ष खरी नोकरी करायची आणि मग शेवटच्या वर्षाला परत यायचं. ग्लेननी एप्रिलमध्ये मला तोंडी हो म्हटलं होतं. फॉर्मवर सुपरवायझरची सही जुलै संपायच्या आत हवी होती. सही नाही तर प्लेसमेंट नाही, सरळ शेवटचं वर्ष. मी तीनदा फॉर्म घेऊन त्यांच्याकडे गेले. तिन्ही वेळा ते म्हणाले, “लीव्ह इट विथ मी.” म्हणजे माझ्यावर सोपव. याचा अर्थ करतो असा होतो, विसरून जा असाही होतो. कोणता, हे मला अजून आवाजावरून ओळखता येत नाही. फॉर्म दर वेळी माझ्याच फोल्डरमध्ये परत यायचा.

आमच्या घरात युनिव्हर्सिटीत गेलेली मी पहिली. बाबा ईलिंगला बस डेपोत आहेत, आई एका शाळेच्या किचनमध्ये. इथे काय विचारायचं असतं आणि काय नसतं, हे सांगायला घरी कुणी नाही. मी बघून बघून शिकते, आणि कधी कधी चुकीचं बघते.

तर किटचा तक्ता. मुलांच्या साइज हव्या होत्या, म्हणून मी त्याची लिंक टीमच्या कॅप्टनला, डेझमंडला पाठवली. फक्त खेळाडूंची यादी पाठवायला हवी होती. मी अख्खा तक्ता पाठवला. अर्ध्या तासात ग्रुप चॅटवर त्याचा स्क्रीनशॉट आला. हेड कोचच्या रिकाम्या चौकटीभोवती लाल वर्तुळ.

“कोच गेला,” डेझमंडनं लिहिलं.

“आयरिश माणूस येतोय,” दुसऱ्यानं लिहिलं. “मंगळवारी फियोनाच्या ऑफिसात होता. उंच.”

“उंच असून मीडियम?”

“बारीक असेल.”

मग सगळे माझ्याकडे वळले. तिथे सगळे मला मॅड्स म्हणतात. माझं नाव मधुरा.

“मॅड्स, तू स्टाफ आहेस. खरं सांग.”

“मला खरंच माहीत नाही,” मी लिहिलं.

“म्हणजे तिला सांगायला मनाई आहे,” डेझमंडनं लिहिलं, आणि त्यावर चौदा जणांनी अंगठे दिले.

रविवारी दुपारी मी घरी फोन केला. स्पीकरवर दोघंही होते.

“सरळ विचार की त्यांना,” बाबा म्हणाले. “आमच्या डेपोत मॅनेजर बदलला की बोर्डावर कागद लागतो. तुमच्याकडे बोर्ड नाही का?”

“बोर्ड आहे, बाबा. त्यावर योगाचे क्लास लागलेत.”

“अहो, असं कसं विचारेल ती?” आई म्हणाली. “सर आहेत ते तिचे. तुमची नोकरी जातेय का, असं तोंडावर विचारतात का कुणाला?”

“मग काय, त्यांच्या जॅकेटवरून ओळखायचं?”

आईचं मला पटलं. मी ग्लेनना दोन वर्षांत कधी ‘ग्लेन’ म्हणू शकलेले नाही. सगळे म्हणतात. मी ‘कोच’ म्हणते. इंग्रजीत बोलतानाही माझ्या मनात ते अहो-जाहोच असतात. आणि तेच एकटे मला मॅड्स म्हणत नाहीत. पहिल्या दिवशी त्यांनी नाव विचारून घेतलं, वहीत लिहिलं आणि तेव्हापासून ते मला ‘मदुरा’ म्हणतात. अशा माणसाला कसं विचारायचं?

म्हणून मी लिनला विचारलं. लिन रिसेप्शनवर बसते आणि जुन्या नॉटिंगहॅमकरांसारखी सगळ्यांना लाडानं ‘डक’ म्हणते, व्हाइस चान्सलरनाही.

“लिन, कोच ग्लेनबद्दल काही ऐकलंस का?”

“का गं डक, काय झालं?”

“काही नाही. ते जाणार आहेत का, एवढंच.”

लिननं चष्मा काढला. “मला इथे कुणी काही सांगत नाही,” ती म्हणाली. “अकरा वर्षं झाली ना त्याला? मग कार्ड तरी नको का?”

दुसऱ्या दिवशी तिनं माझ्या हातात एक ब्राउन पाकीट ठेवलं. आत मोठं कार्ड, ‘सॉरी यू आर लीव्हिंग’. इथल्या ऑफिसांत ही पद्धत आहे. कुणी सोडून जाणार असलं की कार्ड पाकिटात घालून टेबलाटेबलावर फिरवतात. पाकिटावर नावांची यादी असते. सही करायची, आपल्या नावावर टिक करायची, पुढे द्यायचं. ज्याच्यासाठी कार्ड आहे, त्याला पत्ता लागू द्यायचा नाही.

लिननं कार्ड आणलं म्हणजे बातमी पक्की. इतक्या वर्षांची रिसेप्शनिस्ट उगीच कार्ड आणेल का? मी सही केली. ‘थँक यू फॉर एव्हरीथिंग’ लिहिलं. मग त्या ‘एव्हरीथिंग’मध्ये माझी प्लेसमेंट धरावी की नाही, असा विचार करत पाकीट पुढे दिलं.

शुक्रवारी किट ऑर्डरची मुदत होती. मी रिकाम्या चौकटीसकट ऑर्डर पाठवून दिली.

पाकीट डेझमंडकडे गेलं, स्विमिंगवाल्यांकडे गेलं, जिमवाल्यांकडे गेलं. तिथल्या कुणीतरी ते कोचेसच्या पिजनहोलमध्ये टाकलं, म्हणजे टपाल ठेवायच्या खणात. पुढच्या सोमवारी सकाळी मी फोटोकॉपियरपाशी गेले तेव्हा ग्लेन तिथे उभे होते. कार्ड मशीनच्या झाकणावर उघडं होतं आणि ते मोकळी जागा शोधून त्यात लिहीत होते.

“बॅरीचं ना हे?” त्यांनी न बघता विचारलं. बॅरी म्हणजे हॉलचा केअरटेकर. तो रिटायर होणार, असं तीन वर्षं चाललंय.

मी “अं” म्हटलं.

त्यांनी ते हो समजून सही केली. ‘खूप शुभेच्छा. तू गेल्यावर या हॉलला तुझी किंमत कळेल. ग्लेन.’ कार्ड पाकिटात घातलं, यादीत आपलं नाव शोधलं. ते नव्हतं. मग त्यांनी स्वतःच खाली पेननं नाव लिहिलं, त्यावर टिक केली आणि पाकीट मला दिलं.

मी ते घेऊन निघायला हवं होतं. पण मी यादीतलं त्यांचं नाव वाचत राहिले. आता हे कार्ड त्यांना निरोपाच्या दिवशी मिळणार, ते उघडणार आणि आत स्वतःचंच अक्षर. मी तेव्हा तिथे उभी असणार.

“कोच,” मी म्हटलं, “हे बॅरीचं नाही.”

“मग?”

“तुमचं आहे.”

त्यांनी पाकीट परत घेतलं. कार्ड उघडून या वेळी नीट वाचलं. डेझमंडनं एक अख्खा कोपरा भरला होता. ते वाचताना त्यांनी चष्मा वर केला, मग खाली केला.

“म्हणजे ठरलं तर,” ते म्हणाले. आवाज अगदी साधा होता.

“तुम्ही जाताय का?” मी विचारलं. दोन आठवड्यांत पहिल्यांदा.

“कार्ड तुझ्याकडे आहे, मदुरा. तूच सांग.”

त्यांनी कार्ड मिटलं. मग ते म्हणाले, “चल,” आणि आम्ही फियोनाच्या ऑफिसात गेलो. ते दोन दारं सोडून होतं.

फियोनानं कार्ड बघितलं आणि ती उभी राहिली.

“तू जातोयस? मला आधी सांगायचंस तरी.”

“मी? मला वाटलं तू दुसरा माणूस शोधतेयस.”

“मी तुला मे महिन्यात ईमेल केला होता, ग्लेन. पुढच्या सीझनबद्दल काय विचार आहे ते कळव म्हणून.”

“केला होतास. शेवटी लिहिलं होतंस, ‘नो रश’. अकरा वर्षं काम केलेल्या माणसाला घाई नाही म्हटलं, तर त्यानं काय समजायचं?”

“घाई नाही, हे समजायचं!”

“मी विचार करतच होतो. तेवढ्यात डेझमंडनं तुझा तक्ता दाखवला. माझ्या नावाची जागा रिकामी.”

“कारण तू उत्तर दिलं नव्हतंस. उत्तर न देणाऱ्याचं नाव मी जॅकेटवर छापू?”

“आणि मीडियम?”

“कसलं मीडियम?”

आता दोघंही माझ्याकडे वळले. मी लॅपटॉप उघडून दाखवला. कंपनीच्या नव्या तक्त्यात जिथे कुणी साइज निवडत नाही, तिथे आपोआप मीडियम येतं. स्विमिंगच्या रिकाम्या रांगांतही मीडियम होतं. मी फक्त आमचीच रांग बघत बसले होते.

“हे कार्ड कुणी काढलं?” फियोनानं विचारलं.

“मी,” मी म्हटलं. “म्हणजे लिननं. मला लिनकडून कळलं.” आणि बोलता बोलता माझ्या लक्षात आलं. “आणि लिनला माझ्याकडून.”

मग फियोना खाली बसली.

“ग्लेन, तुला राहायचंय का?”

ग्लेन कार्डाकडे बघत होते. “हे मला कुणी विचारलंच नव्हतं,” ते म्हणाले.

“आता विचारतेय.”

“मग हो.”

एवढंच. दोन आठवड्यांची गोष्ट दोन वाक्यांत संपली. मला हायसं वाटायला हवं होतं, पण मी अजून मीडियमवरच अडकले होते.

बाहेर आल्यावर ग्लेननी हात पुढे केला. “फॉर्म.”

मी फोल्डर उघडलं. त्यांनी भिंतीवर कागद धरून सही केली. पेन तेच, कार्डाचं.

“आधी का नाही केली, माहितीये?” ते म्हणाले. “पुढच्या वर्षी मी इथे असेन की नाही, मलाच माहीत नव्हतं. नसलो असतो तर तुझं वर्ष अडकलं असतं. तुला सांगायला हवं होतं.”

“मी विचारायला हवं होतं,” मी म्हटलं.

“हो. तेही.”

परत जाताना मी फियोनाच्या दारात थांबून तिला आयरिश माणसाबद्दलही विचारलं. विचारायची सवय नुकतीच लागली होती. ती म्हणाली, “अगं, तो? ते वेगळं प्रकरण आहे.” ते कोणतं प्रकरण, मला आजही माहीत नाही. लिन म्हणते तो हॉलची फरशी मोजायला आला होता. डेझमंडला हे पटत नाही, कारण इतका उंच माणूस फरशी का मोजेल.

संध्याकाळी घरी सगळं सांगितलं.

“म्हणजे नक्की झालं काय?” बाबांनी विचारलं.

“काहीच नाही, बाबा. कोच आहेत तिथेच आहेत.”

“मग कार्ड कशाला?”

“तेच.”

“बोर्ड हवा तुमच्याकडे,” बाबा म्हणाले.

ऑगस्टअखेर किटचे खोके आले. हेड कोचचं जॅकेट मीडियम, छातीवर काहीच नाही. ऑर्डर बदलायची मुदत निघून गेली होती. ग्लेन मागच्या वर्षीचंच घालतात. हे मला मिळालं. प्लेसमेंटवाल्यांना जॅकेट मिळत नाही, त्यामुळे तक्रार करायला जागा नाही. बाह्या दुमडाव्या लागतात.

कार्ड लिनच्या खणात आहे. सगळ्यांच्या सह्या झाल्यात, ग्लेनचीही. फेकायला तिचं मन होत नाही. “कधीतरी लागेलच, डक,” ती म्हणते.

मी आता किटच्या तक्त्यात रिकामी रांग दिसली की आधी त्या माणसाला विचारते. बहुतेक वेळा तो दोन दारं सोडून बसलेला असतो, आणि बहुतेक वेळा त्यालाही माहीत नसतं.