खिडकीजवळचं मशीन

कॉम्प्युटर साफ बंद पडला असता तर मी चार शिव्या घालून नवा जोडला असता. पण हा बंद पडायचा नाही, हँग व्हायचा. स्क्रीनवर अर्धवट काढलेली भिंत, तिच्यावर थिजलेला बाण, आत पंखा मजेत फिरतोय, आणि कीबोर्ड कितीही बडवा, ढिम्म. कधी आठवडाभर शहाण्यासारखा चालायचा, तर कधी चहा निवायच्या आत दोनदा अडकायचा. एरर नाही, निळी स्क्रीन नाही, काही नाही. मशीनवर राग काढून उपयोग नसतो हे मला कळतं, तरी मी त्या कॅबिनेटला लाथा घातल्या आहेत.

मी इमारतींचे नकाशे काढते. ऑफिस ठाण्यात होतं, पण मी डोंबिवलीत घरून काम करायचे, कारण बाबांना एकटं सोडणं शक्य नव्हतं. त्यांची फुप्फुसं पार निकामी होत आली होती. ऑक्सिजनची नळी नाकात, कॉट हॉलच्या खिडकीला लागून, आणि माझं टेबल त्या कॉटला लागून, म्हणजे मान वळवली की ते दिसावेत. नकाशे उशिरा जायला लागले तेव्हा साहेबांनी गोड आवाजात सांगितलं, "मॅडम, घरून जमत नसेल तर सोमवारपासून ऑफिसला या." मी कशीबशी मुदत मागून घेतली. मशीन सुधारलं नसतं तर बाबांना दिवसभर कुणातरी परक्या बाईच्या भरवशावर टाकून जावं लागलं असतं. आमच्या घरात एवढंच चाललं होतं, बाकी सगळं नंतर.

मजा म्हणजे या भानगडीने बाबा तरतरीत झाले. घराजवळच, मानपाड्याच्या एका केमिकल कंपनीत मेंटेनन्समध्ये त्यांचा जन्म गेला होता. पेपर वाचणं सोडलेला हा माणूस सकाळी डोळे उघडले की विचारायचा, "आज काय बदललंस?" त्यांचा नियम एकच. एका वेळी एक गोष्ट बदलायची. "दोन बदलल्यास तर कशाने सुधारलं ते देवालापण कळणार नाही." त्याप्रमाणे मी आधी मैत्रिणीकडून पॉवर सप्लाय मागून आणून लावला. मग हार्ड डिस्क बदलली. मग सगळं पुसून विंडोज नव्याने टाकलं. तापमान बघितलं, ते ठीक होतं. रॅम काढून परत बसवली की मात्र मशीन काही दिवस सुतासारखं सरळ यायचं आणि मग मूळ पदावर. नवी रॅम आणली, तिचीही तीच गत झाली. मी हात टेकले.

"जोडात गडबड आहे," बाबा एकेक शब्द तोडत म्हणाले. "आता जागा बदल. आपली वीज खराब असेल. ठाण्याला नेऊन बघ."

ठाण्याला माझी धाकटी बहीण राहते, येऊरच्या डोंगराकडच्या बाजूला. शेजाऱ्यांच्या गाडीतून शिळफाट्यामार्गे ते धूड तिच्याकडे पोचवलं. मी तोवर तिच्या जुन्या लॅपटॉपवर कसंतरी काम ओढत होते. ती रोज फोन करायची, "अगं, चालतंय मस्त. दिवसभर चालू ठेवलेला, एकदा पण नाही अडकला." बाबा खूश झाले. "बघ, वीजच." मी वायरमनला बोलावून घरातला एकूण एक प्लग तपासून घेतला. विजेत काही दोष नव्हता.

मशीन परत आणायला गेले तेव्हा धूळ झटकावी म्हणून बहिणीच्या बाल्कनीत उन्हात कॅबिनेट उघडलं. घरी हे काम मी नेहमी ट्यूबलाइटखाली करायचे. रॅमच्या सोनेरी दातांवर बारीक काळे डाग होते. प्रोसेसरवरच्या कुलरच्या तांब्याच्या नळ्या तव्यासारख्या काळ्या पडल्या होत्या. बहिणीचा कॉम्प्युटर आत टेबलावर होता. आम्ही दोघींनी एकाच दिवशी, एकाच दुकानातून पार्ट आणून दोन्ही मशीनं जोडली होती, बाबाही बरोबर आले होते. तिचं झाकण काढलं. तिच्या नळ्या नव्याकोऱ्या पैशासारख्या लाल होत्या.

 कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये तांब्याची एक पट्टी टांगलेली असायची, हे बाबांनी जेवताना शंभर वेळा सांगितलं होतं. पट्टी किती लवकर काळी पडते त्यावरून खोलीतली हवा यंत्रांना मानवेल की नाही ते कळायचं, आणि फार काळी पडली तर साहेब लोक खोली बंद करून फिल्टर बसवायचे. यंत्रांसाठी. आमच्या घरात देवाची चांदीची निरांजनं आठवड्यात काळी पडायची आणि आई होती तोवर ती रांगोळीने घासत बसायची. आमच्या सगळ्या गल्लीत तेच. चांदी काळी पडतेच, असं आम्ही धरूनच चाललो होतो. संध्याकाळी वास आला की बाबा कौतुकाने सांगायचे, कुठल्या युनिटने काय सोडलंय ते, आणि आम्ही बरोबर ओळखलं तर शाबासकी द्यायचे. त्या बाल्कनीत मला त्या शाबासकीचा इतका संताप आला की मी हातातला स्क्रू ड्रायव्हर कठड्यावर आपटला.

"सांग त्यांना," बहीण म्हणाली. "आता तरी इकडे घेऊन ये."

"तू सांग."

"मी बोललेले मागे. कंपनीबद्दल एक शब्द ऐकून घेतात का ते? आपली शिक्षणं त्या कंपनीवर झाली म्हणतात."

घरी पोचले तर बाबा उशीला टेकून वाटच बघत होते. "सापडलं?" मी काहीतरी पुटपुटले. त्यांनी हात पुढे केला, "रॅम बघू."

द्यावी लागली. त्यांनी चष्मा लावला, ती उजेडात धरली, अंगठ्याने दात चोळले. मग म्हणाले, "कुलर दाखव." मी झाकण काढून कॅबिनेट कॉटला भिडवलं. ते वाकून त्या नळ्यांकडे बघत राहिले. वाकल्यामुळे त्यांना धाप लागली, तरी मागे होईनात. आता बोलतील, आता बोलतील असं वाटून मी झाकण हातात धरून उभी होते. ठाण्याला जायला कपाटातल्या बॅगा कुठल्या काढायच्या इथपर्यंत माझं मन पोचलं होतं.

"दुकानदाराने जुना माल गळ्यात मारला तुझ्या," ते म्हणाले.

बहिणीचा माल त्याच दुकानातला, त्यांच्याच समोर घेतलेला. ते विसरण्यातले नव्हते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"असेल," मी म्हणाले.

मग रॅम माझ्या हातात परत देत ते म्हणाले, "टेबल आतल्या खोलीत घे. तिथली खिडकी पक्की बंद कर, फटींना टेप लाव. दार लावून काम करत जा."

"मग तुमची कॉटपण आत घेते."

"नको. कोंडल्यासारखं होतं मला."

"बाबा, ठाण्याला जाऊ या ना आपण. थोडे दिवस."

"माझं राहू दे गं," ते म्हणाले, आणि तोंड खिडकीकडे फिरवलं.

मी टेबल ओढत आत नेलं. फटींना टेप लावली, रॅम साफ करून बसवली, दार लावलं. मशीन पुन्हा एकदाही हँग झालं नाही. नकाशे वेळेत जाऊ लागले, ऑफिसला जायची वेळ आली नाही. फक्त मान वळवली की समोर भिंत असायची. मी मध्येमध्ये उठून दार उघडून बघून यायचे.

बाबा गेले त्या दुपारी मी आत होते. काम इतकं सुरळीत चाललं होतं की बराच वेळ मी उठलेच नाही.