तीनशे बारा उघड्या डिस्क

सकाळचे सहा चाळीस. लेव्हलसाहेब डिस्क रेकॉर्डरसमोर मांडी ठोकून बसले आहेत. बोटं आवाजाच्या खुंटीवर, नजर आवाजाची पातळी, म्हणजे लेव्हल, दाखवणाऱ्या हिरव्या पट्ट्यांवर. पट्ट्या तांबड्या रेघेला टेकू द्यायच्या नाहीत, हे त्यांचं जीवितकार्य. शेजारच्या कॅसेट डेकवर ओळखीतल्या कुणाच्या तरी सासऱ्यांची बासरी चालू आहे. ती संपेपर्यंत घरात नळ सोडायचा नाही, भांडं आपटायचं नाही. वास्तविक कॅसेटवरून डिस्कवर आवाज तारेतून जातो. नळाचा त्याच्याशी सुतराम संबंध नाही. बायकोने हे एकदा सांगून पाहिलं. "तुला कंप कळत नाही," एवढं उत्तर मिळालं.

गृहस्थ वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. लेव्हलसाहेब हे नाव इमारतीने टिंगलीत ठेवलं; त्यांनी ते पदवीसारखं स्वीकारलं. गाण्यातलं त्यांना ओ की ठो कळत नाही. सूर घसरला तर चालतो, पट्टी घसरता कामा नये.

लोखंडी कपाटात तीनशे बारा डिस्क आहेत. त्यांच्याबाबत साहेबांचे दोन नियम आहेत. पहिला, डिस्क झाली की मूळ कॅसेटची फीत उपसून काढायची, म्हणजे कुणी तिच्यावरून हलकी नक्कल करणार नाही. या फिती बाल्कनीत कबुतरांना भिववायला बांधल्या आहेत. कबुतरं त्यांच्यावर झोके घेतात.

दुसरा नियम अधिक थोर. अशी डिस्क भरल्यावर यंत्रावर 'फायनलाइज' करावी लागते, म्हणजे कायमची बंद करावी लागते. त्यानंतरच ती दुसऱ्या कुठल्याही प्लेअरवर वाजते. पण मग तिच्यावर नवीन काही भरता येत नाही. साहेबांनी एकही डिस्क बंद केलेली नाही. कारण प्रत्येकीच्या शेवटी ते स्वतःच्या आवाजात 'ध्वनिमुद्रकाचं मनोगत' भरणार आहेत. एकोणीस वर्षांत एकही मनोगत भरलेलं नाही. पुरेशी शांतता मिळाली नाही, असं ते सांगतात.

सव्वासातला दार वाजलं. धाकटी बहीण आत आली, चपला न काढता. ती संगीतशाळेत चौदा वर्षं हंगामी शिक्षिका आहे. गळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर ती शिकवू शकते, पण तासभर गाऊ शकत नाही. कायम जागेसाठी समितीला उमेदवाराच्या संपूर्ण मैफलीचं ध्वनिमुद्रण लागतं. तिच्या अशा एकमेव मैफलीची कॅसेट तिने मागच्या वर्षी दादाच्या हवाली केली होती. तिची फीत आता बाल्कनीत आहे.

"दादा, काल समितीपुढे तुझी डिस्क लावली. प्लेअर म्हणाला, डिस्कच नाही."

"त्यांचा प्लेअर भंगार असेल."

"तीन प्लेअर लावून पाहिले त्यांनी. शिपायाने स्वतःचाही आणला. उद्या अकरापर्यंत मुदत दिलीय. नाही वाजली तर माझं नाव यादीतून काढणार."

साहेबांनी डिस्क उजेडात धरली आणि खालची कड न्याहाळली. "तीनशे दोन नंबर. हिच्यावर अकरा मिनिटं शिल्लक आहेत."

"मग?"

"मग काय? आत्ता बंद केली तर ती फुकट जातील. मनोगत राहिलंय."

"गाणं माझं आहे, दादा."

"गाणं तुझं. ध्वनिमुद्रण?"

"बरं, तू बोल. आत्ता बोल. अकरा मिनिटं बोल, मी इथे तोंड मिटून बसते."

ही अडचणीची सूचना होती. साहेबांनी मायक्रोफोन काढला, पुसला, तारेचं टोक डोळ्यांजवळ नेलं. खालच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवली. त्यांनी मायक्रोफोन परत डब्यात ठेवला. "या गोंगाटात नाही जमायचं. पुढच्या आठवड्यात ये."

"पुढच्या आठवड्यात माझ्या जागेवर दुसरी कुणीतरी बसलेली असेल! का मी समितीपुढे तुझं हे यंत्र डोक्यावर घेऊन जाऊ?"

"यंत्र हलवायचं नाही," साहेब घाईने म्हणाले.

स्वयंपाकघरातून बायको आली. हात पदराला पुसले, वाकली आणि चालू रेकॉर्डिंग थांबवलं. कुणाच्या तरी सासऱ्यांची बासरी अर्ध्या श्वासात तुटली.

"अगं! अगं, काय करतेस?"

"अहो, एकोणीस वर्षं धूळ पुसतेय मी याची. कुठलं बटण कशाचं, ते मला विचारा." बासरीची डिस्क काढून तिने नणंदेची आत ढकलली आणि दोन बटणं दाबली. पडद्यावर चार मिनिटं उलटी मोजली जाऊ लागली.

"मध्येच वीज गेली तर डिस्क कायमची जाईल," साहेब म्हणाले. निवृत्त निरीक्षकाकडून त्या घटकेला एवढीच मदत झाली.

"मग निदान त्या वायरीवरचा पाय काढा," बायको म्हणाली.

त्यांनी पाय काढला. वीज गेली नाही. डिस्क बाहेर आल्यावर बहिणीने ती स्वयंपाकघरातल्या जुन्या साध्या प्लेअरवर लावली. गाणं सुरू झालं. चौथ्या-पाचव्या सेकंदाला तिने ते बंद केलं. "वाजतेय, वहिनी," ती म्हणाली आणि डिस्क पिशवीत घातली.

बाहेर लेव्हलसाहेबांनी वही उघडून तीनशे दोनच्या पुढे लिहिलं: 'बंद. अकरा मिनिटं वाया.' मग जिन्याकडे वळलेल्या बहिणीला हाक मारून बजावलं, "पातळी अचूक आहे, तेवढं समितीला सांग."

"सांगेन हं," ती म्हणाली, आणि सांगणार नाही हे साहेब सोडून सगळ्यांना कळलं.

समितीचं कार्यालय उद्या साडेदहाला उघडेल. त्याआधी, आठ ते दहा, तिचे रोजचे दोन वर्ग आहेत. तिने रजा टाकलेली नाही.