काटा मधातच होता

आमच्या लेआउटमधल्या शेजाऱ्यांपैकी कुणी नवी गाडी घेतली की मला हमखास विचारतं, "काका, तुमची सेडान वीस वर्षं टिकली कशी?" मी सांगतो, ऑइल वेळेवर बदला, रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी भरू नका, उन्हाळ्यात इंजिनाच्या तापमानाचा काटा बघत चला. ऐकणाऱ्याला ते पटतं. बायको तेवढ्यात उठून आत जाते.

पहिली काही वर्षं ही गाडी तीच चालवायची. माझ्यापेक्षा चांगली. गांधीबागेच्या बाजारातल्या गर्दीतून ती आरामात निघायची. मला घाम फुटायचा.

एका मे महिन्यात आम्ही तिच्या माहेराहून, भिवापूरहून, वर्षभराची मिरची घेऊन निघालो. गाडी ती चालवत होती, मागे तिचा भाऊ, डिकीत पोतं. निघण्याआधी रेडिएटरमध्ये पाणी मी भरलं होतं. उमरेड सोडल्यावर इंजिन खडखडलं आणि बंद पडलं. दोघं भाऊबहीण ढाब्यावर पाणी आणायला गेले. मी बॉनेट उघडलं. रेडिएटरचं झाकण तिरकं बसलं होतं. मीच ते नीट फिरवलं नव्हतं आणि सगळं पाणी वाटेतच उडून गेलं होतं. उन्हासाठी डोक्याला बांधलेला दुपट्टा सोडला, हाताला गुंडाळला आणि दोघं परतायच्या आत झाकण घट्ट बसवलं.

ती आली तसा मी म्हणालो, "काटा पाहाले काय झालं होतं वं तुले?"

"काटा मधातच होता जी. मी पाहूनच राहिली होती."

"मधात असता तं इंजिन बसलं असतं काय?"

तो काटा पाण्याची उष्णता दाखवतो. पाणीच उरलं नाही तर इंजिन तापलं तरी तो मधोमधच राहू शकतो. हे मला तेव्हाही माहीत होतं.

भाऊ म्हणाला, "जाऊ द्या न भाऊजी. आमच्या बाईनं मिरची डिकीतच भाजून न्याची ठरवली असंल!"

मी खो खो हसलो. पुढे प्रत्येक लग्नात तो हा किस्सा सांगायचा आणि मी तिच्यासमोर बसून दरवेळी नव्याने हसायचो.

त्या दिवशी तिने किल्ली माझ्या हातात दिली आणि पुन्हा कधी मागितली नाही. तिची आई आजारी पडली तेव्हा मला हिंगण्याच्या कंपनीत सुट्टी मिळाली नाही. गाडी दारात उभी होती. मी म्हटलं, जा घेऊन. ती बसने गेली. पोचली तेव्हा आईची वाचा गेली होती.

यंदा डोळ्यांच्या डॉक्टरांनी माझं गाडी चालवणं बंद केलं. ती गहू निवडत बसली होती. मी किल्ली तिच्यापुढे ठेवली आणि झाकणाचं सगळं सांगितलं.



"म्हंजे काटा मधातच होता?"

"मधातच होता."

"मले वाटे, माह्या डोयाचाच भरोसा नाही." मग गव्हातला एक खडा काढून तिने बाजूला टाकला. "आई गेली. भाऊही गेला. आता गाडी घेऊन कोनाच्या घरी जाऊ जी मी?"

किल्ली मीच उचलून खिळ्याला लावली. गाडी उत्तम आहे. अजून बरीच वर्षं चालेल.